आवाज जातोय कुठे

सकाळपासून लॅपटॉपने गुळणी धरली होती. बायकोने नेहमीसारखं वाक्य टाइप केलं, एंटर दाबलं, आणि खोलीत काहीच उमटलं नाही. तिने पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी दाढी अर्धवट टाकून, एका गालाला फेस तसाच ठेवून आलो आणि म्हणालो, "ऊठ, मी बघतो."

तिचा वर्ग अकराला होता. साधा वर्ग नव्हे. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती पहिल्यांदाच मुलांसमोर उभी राहणार होती. मागच्या बाकावर शाळेच्या मोठ्या बाई आणि समितीची दोन माणसं बसणार होती, आणि बोलता न येणाऱ्या बाईंना तिसरीचा वर्ग परत द्यायचा की नाही, ते त्या तासानंतर ठरणार होतं. नाही म्हणाले असते तर तिला शाळेच्या ग्रंथालयात बसवणार होते, पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायला. त्या कामात वाईट काही नाही, पण माझी बायको तिथे सुकून गेली असती. तिचं उभं आयुष्य आठ-नऊ वर्षांच्या पोरांशी बोलण्यात गेलं होतं.

स्वरयंत्रातली गाठ काढताना स्वरयंत्रच काढावं लागलं होतं. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी सुचवलं, आवाज आहे तोवर तो साठवून ठेवा, शेकडो वाक्यं वाचून रेकॉर्ड करा, मग कॉम्प्युटर त्यातून तुमचाच आवाज तयार करतो. तिने घरातली लहान खोली गाद्या-उशांनी भरली, दार लावून घेतलं आणि वाचायला बसली. मी दर थोड्या वेळाने दार किलकिलं करून विचारायचो, "झालं का?" ती म्हणायची, "अहो, रेकॉर्डिंग चालू आहे." त्याचा परिणाम असा झाला की जो आवाज तयार झाला तो तिचाच, पण वैतागलेला. 'जेवायला या' असं टाइप केलं तरी माझ्याकडून काहीतरी गुन्हा घडल्यासारखं ऐकू येतं. फोनमध्ये एक गोड बोलणारी बाई असते, ती वापर म्हणून मी सुचवलं होतं. तिने साफ नकार दिला. म्हणजे टाइप केला.

हा सगळा सरंजाम माझ्या साडूने बसवला. जे फुकट मिळतं तेच उत्तम, असं मानणारा हा माणूस. घरातला जुना लॅपटॉप घेऊन गेला, त्यावर विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स टाकलं, आवाजाचा प्रोग्राम टाकला आणि परत देताना मला म्हणाला, "भाऊजी, याला फक्त हात लावू नका." मी तेव्हा हसलो होतो, पण ते मला लागलं होतं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बिघाड शोधणं हे माझं पोट आहे.

म्हणून साडूला फोन करण्याआधी मी माझ्या पद्धतीने गेलो. आधी वीज. चार्जर काढला, घातला. मग बंद करून चालू. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत सुटल्या, प्रत्येकीपुढे हिरव्या अक्षरांत ओके. इतकं सगळं ओके होतं तर घोडं पेंड कुठे खात होतं? चालू झाल्यावर आवाजाचं सेटिंग उघडलं. आउटपुटच्या चौकोनात लिहिलं होतं, एनबी-सत्तर. आमच्या लिफ्टच्या पॅनेलमध्ये प्रत्येक बोर्डाचं नाव असंच असतं, दोन-तीन अक्षरं आणि एक आकडा. हे साउंडचं बोर्ड. दिसतंय म्हणजे जागेवर आहे. मी पुढे गेलो. चाचणीचं बटण दाबलं. आवाजाची हिरवी पट्टी नाचली, खोली मात्र गप्प.

"आवाज तयार होतोय," मी बायकोला म्हणालो, "बाहेर पडत नाहीये. स्पीकर गेला असणार, नाहीतर त्याची वायर. पण आधी सॉफ्टवेअर तपासू. घाबरू नकोस. अकराला वेळ आहे. तू तयार हो."

ती तिथेच उभी राहिली. मी पुन्हा म्हणालो, "तयार हो गं, मी आहे ना," तेव्हा गेली.

मला खोलीत शांतता सहन होत नाही, हे आधीच सांगतो. ती कामाची सवय. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसांचा धीर सुटतो. त्यासाठी आमच्यात एक रीत आहे. एकाने वर मोटरच्या खोलीत काम करायचं आणि एकाने दाराच्या फटीला तोंड लावून आतल्यांशी बोलत राहायचं. पंखा चालू आहे, आता खाली घेतोय, बसून घ्या, काही होत नाही. त्यांना प्रश्न विचारायचा नाही, कारण प्रश्न विचारला की त्यांना रडू फुटतं. त्यांचा प्रश्न आला तर तो पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायचं. हे काम कंपनीत माझ्याइतकं कोणाला जमत नाही. अवघड वेळ आली की मला मोटरच्या खोलीतून खाली बोलावून दाराशी उभं करतात.

शेवटी साडूला फोन लावलाच. तो ऑफिसात होता.

"काय झालं भाऊजी? हात लावलात का?"

"मी नाही लावला. आपोआप झालं. आवाज नाही. अकराला हिचा वर्ग आहे, लवकर सांग."

"बरं. टर्मिनल उघडा."

"ते काळं?"

"ते काळं. त्यात लिहा, अल्सामिक्सर. मध्ये जागा सोडू नका."

लिहिलं. पडद्यावर एकाशेजारी एक उभे खांब आले, थर्मामीटरसारखे.

"आता प्रत्येक खांबाच्या पायाशी बघा. एमएम लिहिलं असेल तर तो खांब गप्प केलेला आहे."

"कुठेच एमएम नाही. सगळीकडे शून्य-शून्य."

"म्हणजे मोकळे आहेत. मग आवाज नक्की जातोय कुठे ते पाहू. सेटिंगमध्ये आउटपुटला नाव काय आहे?"

"आहे, बरोबर आहे. साउंड बोर्डचं नाव आहे."

"हो, पण काय नाव आहे? वाचून दाखवा."

"अरे बघितलं मी, बोर्ड दिसतंय. पुढचं सांग, इथे वेळ नाही."

पलीकडे त्याने श्वास सोडलेला ऐकू आला. "काल परवा अपडेट झालं होतं का?"

"झालं असेल. लाल ठिपका तर रोजच येतो."

"मग नवीन कर्नल आणि साउंडचं जमत नसेल. कर्नल म्हणजे त्याचा गाभा. बंद करून चालू करताना शिफ्ट दाबून धरा, यादी येईल, त्यात मागचा जुना निवडा. मी मीटिंगला चाललोय, बाहेर आलो की फोन करतो."

शिफ्ट दाबून धरली. यादी आली नाही, नेहमीसारखं सगळं सुरू झालं. पुन्हा बंद केलं, पुन्हा दाबली, या वेळी आली. जुना गाभा निवडला. आवाज आला नाहीच, वर इंटरनेटही गेलं. म्हणजे होतं तेही घालवून बसलो. परत नवा निवडला. तोवर अर्ध्या गालावरचा फेस वाळून कातडी ओढायला लागली होती आणि माझं बूड खुर्चीवर ठरत नव्हतं. पाय हलत होता, त्याने टेबल हलत होतं, टेबलावरचं पेन घरंगळून दोनदा खाली पडलं.

बायको तयार होऊन आली. शाळेचे कपडे, गळ्यावर पातळ सुती रुमाल, खांद्याला पिशवी. किती दिवसांनी तिला अशी पाहिली, आणि मला भरून आलं. पण ते बोलायला वेळ नव्हता. तिने माझ्या खांद्यावर बोटाने टकटक केलं आणि कीबोर्डकडे बोट दाखवलं.

"दोन मिनिटं," मी म्हणालो. "आता उघडतोच. बहुतेक वायर आहे. टाइप करून काय करणार आहेस, आवाज तर येत नाही."

तिने डोळे वटारले. मी स्क्रू ड्रायव्हर आणायला आत गेलो.

लॅपटॉप पालथा घातला. स्क्रू एका वाटीत काढले, पत्रा उचलला. आत धुळीचा थर, एक पंखा, आणि दोन्ही कोपऱ्यांत बोटाच्या पेरांएवढे स्पीकर. मी हसलो. आमच्या लिफ्टच्या घंटेचा भोंगा याच्या दहापट असतो. वायर दोन्हीकडे जागेवर होती. तरी काढून फुंकर मारली, परत बसवली. डावीकडची नीट बसली, उजवीकडची बसल्यासारखी वाटली. पत्रा लावला. दोन स्क्रू उरले. ते नेहमी उरतात. सुलटा करून चालू केला, पुन्हा त्या ओळी, ओके, ओके, ओके.

इतक्यात बायकोने तिचा फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यावर तिने काहीतरी लांबलचक लिहिलं होतं. मी वाचायला सुरुवात केली. 'काल रात्री मी...'

"हो गं, काल रात्री चालत होतं, माहीत आहे मला. म्हणून तर म्हणतोय, वायर."

तिने मान जोरात हलवली, फोन आणखी जवळ आणला, आणि तेवढ्यात तो तिच्या हातात वाजला. मोठ्या बाई. मी तो तिच्या हातातून घेतला. मीच घेतो नेहमी. ती तरी काय घेणार होती?

"नमस्कार," मोठ्या बाई म्हणाल्या. "निघालात का? समितीची मंडळी येऊन बसली आहेत."

"मोठ्या बाई, जरा अडचण झाली आहे. मशीनच बंद पडलंय. सकाळपासून लागलोय मी त्याच्या मागे. आज नाही जमणार असं दिसतंय."

"अहो, पण आज नाही तर..." त्या थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ही मंडळी परत येणार नाहीत. त्यांनी नव्या बाई बघून ठेवल्या आहेत. मी आजचा दिवस मोठ्या मुश्किलीने मागून घेतला होता. बाईंना एकदा विचारता का, नुसत्या येऊन उभ्या राहिल्या तरी..."

"नुसतं उभं राहून काय होणार? हसं होईल तिचं. तिला त्रास नको. ठीक आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. ग्रंथालय तर ग्रंथालय. तिची काही हरकत नाही."

मी हे म्हणालो. शब्द न् शब्द. आणि म्हणताना मला वाटत होतं की मी तिला सांभाळतोय.

फोन ठेवून वळलो तर ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिने टेबलावर उघड्या तळव्याने फाडकन मारलं. वाटीतले स्क्रू उडाले. मग तिचं तोंड उघडलं. सवयीने. ओठ हलले, मान ताणली गेली, रुमाल श्वासाने फडफडला, आणि काहीही बाहेर आलं नाही. ऑपरेशननंतर तिने असं कधी केलं नव्हतं. ती पहिल्या दिवसापासून टाइप करत आली होती, शहाण्यासारखी. मला ते बघवेना.

"अगं, काही बिघडत नाही," मी बोलायला लागलो. "ग्रंथालयात शांतता असते, दगदग नाही, वेळेवर घरी येशील. तिथेही मुलं येतातच की. आणि हे काय, आता चालू झालंच आहे, मी पुन्हा एकदा बघतो, वायर बसली असेल तर आपण..." असं बोलत बोलतच मी खुर्चीत बसलो आणि चाचणीचं बटण दाबलं. हिरवी पट्टी नाचली. खोली गप्प.

पण ती गप्प नव्हती राहिली. तिने पिशवी टेबलावर उपडी केली. खडू, रुमाल, डबा, रंगीत कागद, किल्ल्या, आणि त्या सगळ्याच्या खालून गळ्यात अडकवायच्या पट्टीचे तिचे काळे, बिनवायरचे इअरफोन. त्यांच्यावर एक बारीक निळा दिवा लुकलुकत होता. तिने ते उचलले, एक बोंड माझ्या उजव्या कानात कोंबलं आणि माझ्या हातावरून हात घालून स्वतः चाचणीचं बटण दाबलं.

"फ्रंट लेफ्ट," माझ्या कानात एक परकी बाई स्वच्छ म्हणाली. "फ्रंट राइट."

मी इअरफोन काढून उलटा करून पाहिला. पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं, एनबी-सत्तर. सकाळपासून मी ज्याला बोर्ड समजत होतो ते हे होतं. आवाज कुठेच अडकला नव्हता. मी बटण दाबलं की प्रत्येक वेळी तो सुरळीत तिच्या पिशवीत जात होता. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला, जुन्या गाभ्यावर गेला, नव्यावर आला, आणि दरवेळी त्याने इमानाने तेच इअरफोन शोधून काढले. साडूने नाव विचारलं होतं. मी वाचून दाखवलं नव्हतं. बायकोने लिहून आणलं होतं, ते मी तीन शब्दांवर सोडलं होतं.

"पण हे चालू कशाला ठेवलेस?" मी विचारलं.

तिने इअरफोन पुन्हा माझ्या कानात घातला. मी खुर्चीतून उठलो नव्हतो. तिने माझ्या खांद्यावरून वाकून टाइप केलं.

"उठा," कानात तिचा आवाज आला. तोच, वैतागलेला. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज आणि ते वाक्य एकमेकांना शोभून दिसलं.

उठलो. ती बसली. बोटं भराभर चालायला लागली. मी बाजूला उभा, कानात ती, आणि खोलीत फक्त कीबोर्डची टकटक.

"काल रात्री मी धड्याची तयारी करत होते. मोठ्याने लावलं असतं तर तुम्ही प्रत्येक वाक्याला मध्ये बोलला असता. म्हणून हे लावलं. बंद करायला विसरले, ती माझी चूक."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"ऐका."

मी तोंड मिटलं. टकटक. पुढचं वाक्य यायला वेळ लागत होता आणि तो मोकळा वेळ मला गळ्याशी आल्यासारखा वाटत होता. त्यात मला शंभर गोष्टी बोलता आल्या असत्या.

"मी शाळेत जाणार होते. नाही तुम्ही म्हणालात. माझी हरकत नाही, असं तुम्ही म्हणालात. मला विचारलं नाहीत."

टकटक.

"ऑपरेशन झाल्यापासून मला कोणी काही विचारतच नाही. माझी बहीणसुद्धा तुम्हाला विचारते. कारण तुम्ही लगेच उत्तर देता."

मला राग आला. रात्र-रात्र दवाखान्यात बसलो मी, नळ्या धरल्या, लोकांना तोंड दिलं, आणि हे ऐकायचं? मग रागाच्या मागोमाग लाज आली, आणि ती रागापेक्षा जड होती. इतके महिने मी या घरात दाराच्या फटीला तोंड लावून उभा होतो, आणि ती आत अडकलेली नव्हतीच. दार मीच धरून ठेवलं होतं. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. पुन्हा माझंच भाषण झालं असतं.

तिने सेटिंगमधल्या त्या चौकोनाशेजारचा लहानसा बाण दाबला. त्याखाली आणखी एक नाव होतं, साधं, लॅपटॉपच्या स्पीकरचं. ते निवडलं. एवढंच काम होतं.

"चाललंय का?" तिने टाइप केलं आणि खोलीत तिचा आवाज आला. फक्त डावीकडून, कारण उजवीकडची वायर मी सोडून ठेवली होती.

मग तिने तिच्या फोनवरून मोठ्या बाईंचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून लॅपटॉपसमोर ठेवला.

"हां, बोला हो," मोठ्या बाई म्हणाल्या. माझ्याशीच.

टकटक सुरू झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "हॅलो?" टकटक. "हॅलो? ऐकू येतंय का?" मी दात आवळून धरले. नुसतं 'थांबा जरा' म्हणायचं होतं, दोन शब्द. मी हात तोंडावर ठेवला, खरोखर ठेवला, आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

"मोठ्या बाई, मी बोलतेय. मी येतेय. वर्ग कोणाला देऊ नका."

"बाई? पण आत्ता तर तुमच्याकडून..."

"ते त्यांनी सांगितलं. मी नव्हतं सांगितलं."

"मंडळी उठायच्या बेतात आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "मी त्यांना शाळा दाखवत फिरवते. लवकर या."

तोंड धुतलं, अर्धी दाढी तशीच राहिली. गाडी मीच चालवली. ती शेजारी, मांडीवर उघडा लॅपटॉप, कारण मिटला की तो झोपतो आणि उठायला वेळ घेतो. प्रत्येक सिग्नल आमच्यासाठीच लाल होत होता. एका ट्रकने रस्ता अडवला तेव्हा मी खिडकी खाली करून त्याची चांगली खरडपट्टी काढली. तेवढ्या रस्त्यात मी तिच्याशी एकही शब्द बोललो नाही, आणि ते जगातलं सगळ्यात अवघड काम होतं. तिनेही काही टाइप केलं नाही. शाळेच्या फाटकाशी उतरताना मात्र माझ्या गालाकडे पाहिलं आणि तिला हसू आलं.

वर्गाबाहेर एक लांब बाक होता. मी तिथे बसलो, जाळीच्या खिडकीतून आतलं दिसत होतं. मागच्या बाकावर मोठ्या बाई, त्यांच्याशेजारी समितीचे दोघं, गुडघे पोटाशी घेऊन लहान बाकांत अडकलेले. बायकोने टेबलावर पाण्याने भरलेलं घमेलं मांडलं, शेजारी लाकडाचा ठोकळा, चमचा, खोडरबर, बाटलीचं बूच. काय तरंगतं आणि काय बुडतं, हा धडा. लॅपटॉप मुलांकडे पाठ करून ठेवला.

"नमस्कार मुलांनो. मी आले," डावा स्पीकर म्हणाला.

मुलं आधी लॅपटॉपकडे बघायला लागली, मग तिच्याकडे. कुजबुज झाली. दुसऱ्या रांगेतल्या, दोन्ही हातांनी पट्टी धरून बसलेल्या मुलीने हात वर केला आणि परवानगीची वाट न बघता विचारलं, "बाई, तुमचा गळा दुखतो का?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. नाही गं, आता काही दुखत नाही, एकदम मस्त. शेजाऱ्यांना, तिच्या भावाला, माझ्या कंपनीतल्या सगळ्यांना मी हेच सांगत आलो होतो. मी बाकावरून अर्धा उठलोसुद्धा. मग बसलो.

ती टाइप करायला लागली. वर्गात कोणी बोलत नव्हतं. समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. एका मुलाने पेन्सिल बाकावरून घरंगळू दिली आणि पडायच्या आत पकडली. दुसऱ्याने घमेल्यातल्या पाण्याकडे मान लांब केली. पण सगळी तिच्या बोटांकडे बघत होती, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर घाई नव्हती. माझा पाय हलत होता. त्यांचे नव्हते.

"हो," तिचा आवाज म्हणाला. "गिळताना दुखतं. सकाळी जास्त."

"मग सकाळी खाऊ नका," ती मुलगी म्हणाली. वर्ग हसला. बायकोही हसली, आवाज नाही, नुसते खांदे हलले. मग तिने लाकडाचा ठोकळा उचलून पाण्यावर धरला आणि भुवया उंचावल्या. अर्धा वर्ग ओरडला बुडणार, अर्धा ओरडला तरंगणार.

पुढचा तास मी नीट पाहिला नाही. सकाळी जास्त. रोज सकाळी ती ताटात अर्धं टाकून उठायची आणि मी म्हणायचो, संपव गं पटकन, उशीर होतोय. इतके महिने एका टेबलावर जेवतोय आम्ही. एका परक्या पोरीला जे एका प्रश्नात कळलं ते मला ठाऊक नव्हतं, कारण तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. माझे डोळे भरले. ग्रंथालयातून पुस्तकं घेऊन जाणारा एक शिपाई माझ्या अर्ध्या दाढीकडे बघत गेला.

तास संपला. मुलं पाण्याभोवती गोळा झाली, सगळ्यांना स्वतःचं काहीतरी बुडवून बघायचं होतं. समितीचे दोघं बाकांतून सुटून मोठ्या बाईंशी हलक्या आवाजात बोलले, माना हलल्या, आणि मोठ्या बाई बाहेर माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"त्यांची हरकत नाही," त्या म्हणाल्या. "वर्ग बाईंचाच. आता मला एवढंच सांगा, सोमवारपासून पूर्ण दिवस येतील ना त्या? झेपेल ना त्यांना? की आधी अर्धा दिवस ठेवू? तुम्ही म्हणाल तसं."

मी तोंड उघडलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "त्यांनाच विचारा."

मोठ्या बाई आत गेल्या. मुलांच्या गलक्यातून त्यांनी काहीतरी विचारलेलं दिसलं. बायकोने ओले हात रुमालाला पुसले आणि लॅपटॉपपाशी गेली. टकटक सुरू झाली. मी बाकावर बसून राहिलो. ती काय म्हणेल ते मला खरंच माहीत नव्हतं.